ऑरेंज आणि ऑरेंज: संत्रानगरीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२२ फेब्रुवारी २०११. नागपूरजवळ जामठ्याच्या स्टेडियमवर विश्वचषकाचा सामना होता, इंग्लंड विरुद्ध नेदरलँड. नारिंगी जर्सी घातलेल्या रायन टेन डोशेटने ११९ धावा ठोकल्या आणि इंग्लंडला तो सामना जिंकताना चांगलाच घाम फुटला. दुसऱ्या दिवशी माझ्या इंग्रजीच्या वर्गात धड्याऐवजी तोच विषय. मागच्या बाकावरून एका पोराने विचारलं, "सर, यायनं आपल्या संत्र्याचा रंग काहून घातला? तिकडं बी संत्रे पिकतात काय?"

त्या दिवशी मी अर्धंमुर्धं उत्तर दिलं आणि घरी येऊन शब्दकोश उघडला. तेव्हापासून हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत माझ्याकडे येतोच आहे. मुलांकडून येतो, पालकांकडून येतो, भाषांतराचं काम करणाऱ्या मित्रांकडून येतो. ज्या शहराच्या ओळखीतच 'ऑरेंज' आहे, तिथे तो नीट सुटायला हवा, म्हणून सगळे प्रश्न एके ठिकाणी लिहून काढले.

एका वाक्यात सांगा. फळाचा 'ऑरेंज' आणि डच राजघराण्याचा 'ऑरेंज' एकच का?

नाही. स्पेलिंग एक, उच्चार एक, पण शब्द दोन. एकाचा उगम आपल्याकडचा, दुसऱ्याचा फ्रान्समधल्या एका गावाचा.

एकच स्पेलिंग असून दोन शब्द कसे असतील?

मराठीत 'नाव' घ्या. माणसाचं नाव आणि नदीतली नाव. पहिलं संस्कृत 'नाम'पासून आलं, दुसरी 'नौ'पासून. शतकानुशतकं बोलता बोलता दोन्ही झिजले आणि एकाच रूपाला येऊन ठेपले. 'वात'चंही तसंच. दिव्याची वात 'वर्ति'पासून आली, आणि वात-पित्त-कफातला वात म्हणजे वारा. आपल्याला यात काही अडचण येत नाही, कारण वाक्य ऐकताच कुठली वात ते कळतं. इंग्रजी शब्दकोशांत अशा शब्दांची वेगवेगळी नोंद करून शेजारी बारीक १, २ असे आकडे टाकतात. मुलांना मी पहिल्या आठवड्यातच हे आकडे बघायची सवय लावतो. अर्थ दोन आहेत की शब्दच दोन आहेत, हे त्या आकड्यावरून समजतं.

फळाचा ऑरेंज कुठून आला?

आपल्याकडून. संस्कृतात 'नारंग', आणि त्याच्याही मागे बहुधा द्राविडी भाषा. तेलुगूत आजही 'नारिंज' आहे, मल्याळममध्ये 'नारंगा' म्हणजे लिंबू. मराठीत 'नारिंग' आहेच, आणि त्यावरून रंगाचं नाव 'नारिंगी'.

हा शब्द फळासोबत पश्चिमेला चालत गेला. फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', स्पॅनिशमध्ये 'नारांखा', इटालियनमध्ये 'अरांचा', जुन्या फ्रेंचमध्ये 'ओरेंज', आणि चौदाव्या शतकाच्या सुमाराला इंग्रजीत. म्हणजे जे फळ आणि जो शब्द आपल्याकडून व्यापाऱ्यांच्या पडशीतून गेला, तोच पुढे इंग्रजांच्या तोंडून परत आला आणि आपण त्याला इंग्रजी शब्द म्हणून पाठ करायला लागलो. वर्गात हा नकाशा फळ्यावर काढतो तेव्हा मुलं खरंच गप्प होऊन बघतात. ऑरेंजचं स्पेलिंग त्यानंतर कोणी चुकत नाही, असाही माझा अनुभव आहे.

मग सुरुवातीचा 'न' कुठे गेला?

आधीच्या शब्दाने गिळला. इटालियनमध्ये 'उना नारांचा' म्हणताना दोन 'न' लागोपाठ येतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की 'न' पहिल्या शब्दाचाच आहे. फ्रेंचमध्येही तेच घडलं. इंग्रजीत शब्द पोचला तो 'न' गमावूनच. पण इंग्रजीने स्वतःच्या घरातही असा प्रकार केलेला आहे. 'एप्रन' पूर्वी 'नेप्रन' होता आणि 'ॲडर' हा विषारी साप 'नॅडर' होता. 'अ नेप्रन' म्हणता म्हणता 'ॲन एप्रन' झालं. स्पॅनिशने मात्र 'न' जपला, हंगेरियननेही 'नारांच'मध्ये जपला. पोर्तुगीजांनी त्याचा 'ल' करून 'लारांजा' केलं.

आता दुसरा ऑरेंज. तो काय आहे?

ते एका गावाचं नाव आहे. दक्षिण फ्रान्समध्ये, आव्हिन्यों शहराच्या थोडं उत्तरेला. रोमन काळात त्याला 'अराउसिओ' म्हणत. तिथल्या जुन्या केल्टिक जलदेवतेवरून हे नाव पडलं असं मानतात. फळाचा काहीएक संबंध नाही. इसवी सन पूर्व १०५ मध्ये या गावाजवळ किंब्री आणि त्यूतोन टोळ्यांनी रोमन सैन्याचा दारुण पराभव केला, तेव्हा युरोपात नारिंगाचं नावही कोणाला ठाऊक नव्हतं. गावातलं रोमन नाट्यगृह अजून उभं आहे, मंचामागच्या प्रचंड भिंतीसह, आणि १९८१ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

'अराउसिओ' बोलीत घासत घासत 'ऑरेंज' झालं. तिकडून 'नारंग' घासत 'ऑरेंज' झाला. दोन वाटांनी आलेले दोन प्रवासी एकाच फाट्यावर भेटावेत तसं.

गाव फ्रान्समधलं, मग नेदरलँडचा संबंध काय?

वारसाहक्काचा. ऑरेंज हे एक छोटं संस्थान होतं आणि त्याच्या राजपुत्राला 'प्रिन्स ऑफ ऑरेंज' म्हणत. १५४४ मध्ये तिथला राजपुत्र रेने अपत्य नसताना युद्धात मेला आणि संस्थान त्याच्या चुलतभावाकडे गेलं. हा भाऊ अकरा वर्षांचा, जर्मनीतल्या नासाऊ घराण्यातला विल्यम. हाच विल्यम मोठेपणी स्पेनच्या सत्तेविरुद्ध डच लोकांच्या बंडाचा पुढारी झाला. आज डच लोक त्याला राष्ट्रपिता मानतात. बंडवाल्यांच्या झेंड्यात नारिंगी, पांढरा आणि निळा असे पट्टे होते. पुढे सतराव्या शतकात नारिंगीची जागा लाल रंगाने घेतली. आजचा डच झेंडा लाल-पांढरा-निळा असतो, पण राजाच्या वाढदिवशी, २७ एप्रिलला, त्याच्यावर एक लांब नारिंगी पताका चढवतात आणि अख्खा देश नारिंगी कपडे घालून रस्त्यावर उतरतो.

खुद्द ऑरेंज गाव १७१३ च्या उट्रेख्टच्या तहाने फ्रान्सला मिळालं. घराण्याने नाव मात्र सोडलं नाही. आजही डच गादीच्या वारसाला 'ऑरेंजचा राजपुत्र' किंवा 'राजकन्या' असाच किताब असतो.

म्हणजे जामठ्याला आलेल्या त्या जर्सीचा रंग एका हातातून गेलेल्या गावाच्या नावावरून आलेला होता. आणि समोरचा संघ इंग्लंडचा! याच घराण्यातला तिसरा विल्यम १६८९ मध्ये इंग्लंडच्या गादीवर बसला होता.

फळाला त्या गावावरूनच नाव पडलं असेल, असं वाटणं स्वाभाविक नाही का?

अगदी स्वाभाविक आहे, आणि असं विचारणाऱ्या मुलाचं मी कौतुकच करतो. कारण या फळांना गावांची आणि देशांची नावं पडण्याची रीतच आहे.

आपली मोसंबी घ्या. ते नाव मोझांबिकवरून आलं. अरबीत गोड संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात, तुर्कीत 'पोर्ताकाल', ग्रीकमध्ये 'पोर्तोकाली', म्हणजे चक्क पोर्तुगाल, कारण गोड जातीची फळं पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी तिकडे नेली. आणि डच लोक, जे नारिंगी रंगासाठी जीव टाकतात, ते या फळाला ऑरेंज म्हणतच नाहीत. ते म्हणतात 'सिनासआपल', म्हणजे चीनचं सफरचंद. रंगाला 'ओरान्ये', फळाला 'सिनासआपल'. दोन्ही शब्द त्यांच्याकडे वेगळे राहिल्यामुळे आपल्यासारखा गोंधळ त्यांचा होत नाही.

आपल्या 'संत्रा' शब्दाबद्दलही असाच एक तर्क आहे, की तो पोर्तुगालमधल्या सिंत्रा गावावरून आला. जुन्या कोशांतही तो सापडतो. मला तो पटत नाही. बाबराने आपल्या आठवणींत हिंदुस्थानातली फळं मोजताना 'संगतरा' लिहिला आहे, आणि बाबर गेला १५३० मध्ये. पोर्तुगीजांना इथे येऊन तेव्हा जेमतेम तीस वर्षं झाली होती. तेवढ्यात किनाऱ्यावरच्या एका परक्या गावाचं नाव उत्तरेत इतकं रुजावं, हे अवघड वाटतं.

दोन्ही शब्दांची एकमेकांशी कधीच गाठ पडली नाही?

पडली. इथे थोडं सावकाश वाचा, कारण 'संबंध नाही' एवढं म्हणून सोडून दिलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

उगम वेगळे, हे पक्कं. पण एकसारखे दिसायला लागल्यावर त्यांनी एकमेकांना ओढलं. इटालियन 'अरांचा'मधला 'अ' जाऊन फ्रेंचमध्ये 'ओ' का आला? एक कारण म्हणजे फ्रेंच 'ओर', अर्थात सोनं. सोन्यासारखं फळ म्हणून सोन्याचा शब्द आत शिरला. गावाचं नाव आधीच कानावर असल्याने त्यानेही हातभार लावला असावा, असं काही अभ्यासक म्हणतात. उलट दिशेने, राजघराण्याने नावाच्या या योगायोगाचा पुरेपूर उपयोग केला. घराण्याचं नाव ऑरेंज, फळाचं नाव ऑरेंज, फळाचा रंग नारिंगी, मग आपली निशाणी नारिंगी. शब्द दोन राहिले, रंग एक झाला.

म्हणून त्या पोराला आज मी असं उत्तर देईन: बाळा, त्यांच्या घराण्याचं नाव तुझ्या संत्र्यावरून पडलेलं नाही, पण जर्सीचा रंग मात्र संत्र्याकडूनच गेला.

आधी रंग की आधी फळ?

आधी फळ. रंगासाठी 'ऑरेंज' हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दिसतो. त्याआधी ते 'पिवळा-लाल' असं जोडून म्हणत किंवा सरळ लाल म्हणून मोकळे होत. रॉबिन पक्ष्याची छाती स्पष्ट नारिंगी असते, तरी त्याचं जुनं नाव 'रेडब्रेस्ट'. आपल्याकडे केशरी, भगवा, शेंदरी, नारिंगी अशा छटाच छटा आहेत, आणि प्रत्येकीच्या मागे एक वस्तू किंवा एक परंपरा उभी आहे.

इतर ठिकाणी 'ऑरेंज' दिसला तर कुठला समजायचा?

मुलं याद्या घेऊन येतात. त्यातले नेहमीचे सांगतो.

दक्षिण आफ्रिकेतली ऑरेंज नदी राजघराण्याची. १७७९ मध्ये रॉबर्ट गॉर्डन या अधिकाऱ्याने पाचव्या विल्यमच्या सन्मानार्थ हे नाव दिलं. पाण्याचा रंग गढूळ असतो म्हणून, असं बरेच जण सांगतात, ते चूक. तिथलंच १८५४ चं बोअर (डच वंशाच्या वसाहतवाल्या) लोकांचं प्रजासत्ताक 'ऑरेंज फ्री स्टेट' त्याच नावाचं. ब्लूमफाँटेनला सामना असला की समालोचक ज्याला 'फ्री स्टेट' म्हणतात तोच हा प्रांत. नावातलं ऑरेंज आता गळालं आहे.

उत्तर आयर्लंडमधली 'ऑरेंज ऑर्डर' ही प्रोटेस्टंट संघटना १७९५ ची, आणि तीही राजघराण्याची. १६९० मध्ये बॉइनच्या लढाईत तिसऱ्या विल्यमने मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून हे लोक दरवर्षी १२ जुलैला मिरवणुका काढतात. आयर्लंडच्या झेंड्यातला नारिंगी पट्टाही विल्यमच्या बाजूच्या लोकांसाठी, हिरवा कॅथलिकांसाठी आणि मधला पांढरा दोघांतल्या शांततेसाठी. आपल्या तिरंग्यातल्या केशरीशी त्याची सांगड घालू नका. पट्टे सारखे दिसले तरी अर्थ निराळे.

व्हिएतनाम युद्धातलं 'एजंट ऑरेंज' हे विषारी तणनाशक निव्वळ रंगाचं. पिंपांवर नारिंगी पट्टा असायचा म्हणून ते नाव.

हवामान खात्याचा 'ऑरेंज अलर्ट' रंगाचा. पिवळ्यात लक्ष ठेवायचं, ऑरेंजमध्ये तयारीत राहायचं, रेडमध्ये हालचाल करायची. मे महिन्यात नागपुरात हा शब्द दूधवाल्याच्याही तोंडी असतो. आपल्या मेट्रोची ऑरेंज लाईन अर्थातच शहराच्या संत्र्याची आठवण देते. खापरीकडून येणारी ती गाडी सीताबर्डीला ॲक्वा लाईनला मिळते.

आणि ओरांगउटान? तो तर रंगानेही तसाच असतो.

तिसराच शब्द. मलय भाषेत 'ओरांग' म्हणजे माणूस, 'हुतान' म्हणजे जंगल. जंगलातला माणूस.

डच लोकांनी राजासाठी गाजरं नारिंगी केली, हे खरं का?

नारिंगी गाजरांची जोपासना डच शेतकऱ्यांनी केली हे खरं. राजघराण्याला मान देण्यासाठी केली, याला त्या काळचा पुरावा नाही. गोष्ट गोड आहे म्हणून ती फिरते. थंडीत आपल्याकडे हलव्याला लागणारी लालचुटूक गावठी गाजरं बघा, म्हणजे गाजराला नारिंगी असण्याची सक्ती कधीच नव्हती हे लक्षात येईल.

आपला नागपुरी संत्रा तरी खरा 'ऑरेंज' आहे का?

या प्रश्नावर लोक जरा दुखावतात, पण उत्तर सरळ आहे. वनस्पतिशास्त्रात तो 'मँडरिन' आहे, सायट्रस रेटिक्युलाटा. इंग्रजीत ज्याला 'स्वीट ऑरेंज' म्हणतात ती आपली मोसंबी, सायट्रस सायनेन्सिस. त्यातला 'सायनेन्सिस' म्हणजे पुन्हा 'चीनचा'.

फरक हातानेच कळतो. कळमन्याच्या बाजारात आंबिया बहाराचा, म्हणजे वर्षाअखेरीस तोडणीला येणारा, एक संत्रा उचला. देठाजवळ अंगठा रुतवला की साल सैल सुटून येते, तेलाचा बारीक फवारा बोटांवर उडतो, आत दहा-अकरा फोडी एकमेकींना जेमतेम धरून बसलेल्या आणि मधोमध पोकळी. मोसंबीला हे जमत नाही, तिला सुरी लागते. आणि आंबियाची साल पुष्कळदा हिरवट-पिवळीच असते, कारण पुरता नारिंगी रंग चढायला गार रात्री लागतात. काटोल-नरखेडचा शेतकरी सालीचा रंग बघून गोडी ठरवत नाही. बाहेरगावचे पाहुणे मात्र हिरवा संत्रा बघून नाक मुरडतात.

तरी २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते 'नागपूर ऑरेंज' या नावाने, आणि इथल्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या लिखाणात मात्र 'नागपूर मँडरिन' दिसेल. दोन्ही बरोबर. एक बाजाराचं नाव, एक शास्त्राचं.

'मँडरिन' शब्द चिनी आहे ना?

वाटतो खरा, पण नाही. चीनमधल्या सरकारी अधिकाऱ्यांना पोर्तुगीज 'मांदारिम' म्हणत. तो शब्द त्यांनी मलय 'मंतेरी'वरून घेतला, आणि 'मंतेरी' हा संस्कृत 'मंत्री'. त्या अधिकाऱ्यांच्या पिवळ्या-नारिंगी झग्यांवरून फळाला 'मँडरिन' नाव पडलं असं मानतात.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त आवडलेली गोष्ट हीच. आपल्या संत्र्याची इंग्रजी नावं दोन, ऑरेंज आणि मँडरिन. एकाच्या मुळाशी नारंग, दुसऱ्याच्या मुळाशी मंत्री. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनासाठी मंत्री नागपुरात येतात तेव्हाच आंबिया बहाराचे ढीग हातगाड्यांवर लागलेले असतात.

संस्कृतात संत्र्याला 'नागरंग' म्हणतात. मग 'नागपूर' नाव त्यावरूनच का?

नाही. अमरकोशात 'नागरंग' आहे, हे बरोबर. पण नागपूरचा संबंध नाग नदीशी जोडतात, आणि शहर संत्र्यासाठी प्रसिद्ध होण्याच्या आधीपासून या नावाचं आहे. संत्र्याची रोपं रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेकडून आणून राजवाड्याच्या बागेत लावली, असं इथे परंपरेने सांगतात. दोन्हीकडे 'नाग' दिसला म्हणून गाठ मारायची, तर मग ऑरेंज आणि ऑरेंजचीच चूक आपण मराठीत करतो.

भाषांतर करताना काय लिहायचं?

फळ असेल तर संत्रा किंवा मोसंबी, संदर्भ बघून. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी लिहीत असाल तर 'संत्रं', आपल्यासाठी 'संत्रा'. मी 'संत्रा'च लिहितो. रंग असेल तर नारिंगी. झेंड्याचं किंवा साधूच्या वस्त्राचं वर्णन असेल तर केशरी किंवा भगवा, पण विचार करून. गाव, घराणं, नदी, संस्थान असेल तर 'ऑरेंज' तसाच ठेवायचा, विशेषनाम म्हणून.

एका सराव प्रश्नपत्रिकेत मी 'विल्यम, प्रिन्स ऑफ ऑरेंज' चं भाषांतर 'संत्र्यांचा राजपुत्र विल्यम' असं छापलेलं पाहिलं आहे. मुलांनी ते तसंच पाठ केलं होतं. त्या वर्षी मी तीस वह्यांत ती ओळ खोडून प्रत्येकीत हाताने 'ऑरेंजचा राजपुत्र' लिहिलं आणि समासात फ्रान्सच्या नकाशावर गावाचा ठिपका काढून दिला.